आधीचा मालक बघून गाडी घ्यावी

तळेगावहून चिंचवडला, डोंबिवलीहून ठाण्याला किंवा नाशिकच्या सिडकोतून सातपूरच्या एमआयडीसीत रोज गाडीने जाणाऱ्या माणसाच्या अपेक्षा साध्या असतात. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी, ऐन पावसात पुलावर बंद पडू नये आणि महिन्याचा खर्च घरच्या हिशेबात बसावा. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. आजच्या कोणत्याही धडधाकट छोट्या गाडीला हे ओझे जड नाही. सात वर्षांची, साठ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल गाडी नीट सांभाळलेली असेल तर पुढची पाच वर्षे ती सहज काढते. समोर उभी असलेली गाडी खरोखर नीट सांभाळलेली आहे का, हे ओळखणे मात्र अवघड असते. कारण विकणारा तिच्याबरोबर सात वर्षे राहिलेला असतो आणि घेणाऱ्याला मिळतो जेमतेम अर्धा तास.

अर्थशास्त्रातला एक गाजलेला शोधनिबंध याच अडचणीवर उभा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की वाईट हे फक्त विकणाऱ्याला माहीत असते, म्हणून घेणारा सरासरी किंमत द्यायला तयार होतो. ज्याची गाडी उत्तम आहे त्याला ती किंमत परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात राहिलेल्या गाड्यांची सरासरी खाली येते, घेणारा आणखी कमी देऊ करतो, आणि उरलेल्यांतल्या बऱ्या गाड्याही मागे फिरतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले.

आपल्या दृष्टीने या निबंधात एक फार मोलाची गोष्ट आहे. अ‍ॅकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि निबंधात त्यांनी भारतातल्या सावकारीचेही उदाहरण घेतले आहे. गावचा सावकार कर्ज देऊ शकतो, कारण कोण फेडेल आणि कोण बुडवेल हे त्याला ठाऊक असते. बाहेरचा माणूस कमी व्याजाच्या आशेने गावात शिरला, तर बुडव्यांची कर्जे त्याच्याच गळ्यात पडण्याचा धोका असतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात आपण बहुतेक वेळा हा बाहेरचा माणूस असतो. माझा सगळा आग्रह एवढ्याच गोष्टीचा आहे की गाडी शोधण्याआधी गावातल्या सावकाराइतकी माहिती असलेला माणूस शोधावा.

तो माणूस बहुतेक ठिकाणी सापडतो. पंधरा-वीस वर्षे एकाच जागी गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकला आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या नंबरासकट पाठ असतात. कोण वेळेवर ऑइल बदलतो, कोण ‘अजून दोन हजार चालू द्या’ म्हणतो, कोणाचा मुलगा गाडी ताणतो, कोणाची गाडी मागच्या दिवाळीत पुढून ठोकली होती, हे सगळे त्याला माहीत असते. ‘तुमच्याकडे येणारी एखादी चांगली गाडी विकायला निघाली तर सांगा’ एवढे त्याला सांगून ठेवावे आणि दोन-तीन महिने थांबण्याची तयारी ठेवावी. सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले लोकही हेच काम करतात. खरोखर नीट सांभाळलेली गाडी जाहिरातीपर्यंत पोचतच नाही. ‘काका, विकायची झाली तर आधी मला सांगा’ असे कोणीतरी वर्षभर आधीच म्हणून ठेवलेले असते.

कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांची गोष्ट थोडी वेगळी. मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ २००१ मध्ये सुरू केले. ह्युंदाई, टोयोटा, महिंद्रा यांनीही आपापली व्यवस्था उभी केली आणि पुढे ऑनलाइन कंपन्या आल्या. तिथे भाव जास्त लागतो. त्या जादा पैशांत तपासणीचा अहवाल, काही महिन्यांची वॉरंटी आणि कागदपत्रांची धावपळ येते. ओळखीत गाडी मिळत नसेल तर मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवीन. वॉरंटीत नेमके काय येते हे मात्र ओळन् ओळ वाचावे. क्लच, सस्पेन्शन, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग त्यात बहुधा नसतात.

आता मालकाकडे वळू. पहिला मालकच विकत असेल तर उत्तम, कारण गाडीची पूर्ण हकीकत एकाच तोंडून ऐकायला मिळते. त्याला दोन प्रश्न विचारावेत: का विकताय, आणि सर्व्हिसिंग कुठे करता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते. ज्याने गाडी सांभाळली आहे तो गॅरेजचे नाव लगेच सांगतो, बिलांची फाईल काढतो, ‘मागच्या वर्षी बॅटरी बदलली, पुढचे ब्रेक पॅड जानेवारीत टाकले’ असे न विचारताही बोलतो. ‘सगळे टकाटक आहे, काही बघायलाच नको’ एवढेच सांगणाऱ्याकडे बिले नसतात, आणि बिले नसतील तर ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावाही नसतो.

किलोमीटरच्या आकड्यावर आपल्याकडे फार भर दिला जातो. तो आकडा एकट्याने फारसे सांगत नाही. पुण्याहून नगरला आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसाची ८०,००० किलोमीटरची गाडी आणि कोथरूड ते मगरपट्टा रोज रखडणारी ३५,००० किलोमीटरची गाडी घ्या. पहिलीचा सरासरी वेग ताशी ५५ धरला तर तिचे इंजिन सुमारे १,४५० तास चालले. दुसरीचा ताशी १५ धरला तर २,३०० तासांहून जास्त. त्या तासांत हजारो वेळा क्लच दाबला गेला, ब्रेक लागले, इंजिन उभ्या उभ्या तापले. आकड्याने निम्म्याहून कमी असलेली गाडी झिजेने पुढे असू शकते. दुसऱ्या टोकाला निवृत्त गृहस्थांची, आठ वर्षांत १२,००० किलोमीटर चाललेली गाडी असते. तिच्यावर लोक उड्या टाकतात. ती चांगली निघू शकते, पण इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होणाऱ्या फेऱ्या, किलोमीटर भरले नाहीत म्हणून वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल, कडक झालेली रबरे आणि वयाने म्हातारे टायर यांचा खर्च घेतल्यावर लगेच समोर येतो. तो किमतीतून आधीच वजा करावा.

आणि आकडा खराच आहे का? डिजिटल मीटर मागे फिरवणे जुन्या काट्याच्या मीटरपेक्षा सोपे झाले आहे. लॅपटॉप जोडून ते काम उरकते. पण गाडीचे बाकीचे अवयव खोटे बोलत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटरवर २६,००० आणि चारही टायर २०२२ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का संपले हे विचारायला हवे, कारण छोट्या गाडीचे टायर साधारण चाळीस हजारांपर्यंत जातात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकतो आहे का, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबली आहे का, हेही पाहावे. सगळ्यांत भक्कम पुरावा सर्व्हिसच्या बिलांचा. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तर गाडीच्या नंबरावरून जुन्या नोंदी बहुधा पाहायला मिळतात.

विम्याची पॉलिसीही अशीच वाचायची असते. तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’ची टक्केवारी असते. एक वर्ष दावा केला नाही तर २०, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. दावा केला की तो बोनस शून्यावर येतो. म्हणून सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य दिसला तर मागच्या वर्षी दावा झाला होता का, किंवा पॉलिसी मध्ये खंडित झाली होती का, हे सरळ विचारावे. उलट ५० टक्के दिसले म्हणून गाडी निष्कलंक ठरत नाही. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे तो आधीच्या गाडीवरून आलेलाही असू शकतो, आणि ठोकलेली गाडी पदरच्या पैशांनी दुरुस्त करणारेही असतात.

कोणती गाडी घ्यावी, या प्रश्नावर तासन् तास चर्चा होतात. माझे मत इथे स्पष्ट आहे. रोजच्या जाण्या-येण्यासाठी साधे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर घ्यावा. आपल्या गॅरेजपासून दोन किलोमीटरच्या आत जिचे पार्ट मिळतात अशी गाडी निवडावी. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, ग्रँड आय-टेन, पेट्रोल अमेझ किंवा सिटी, टोयोटाची इटिऑस या गाड्या म्हणूनच वर्षानुवर्षे चालतात. त्यांच्यात काही बिघडले तरी बहुधा त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळते, आणि नोकरदार माणसाला विश्वासार्ह गाडी म्हणजे तरी दुसरे काय हवे असते? शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या काही गाड्या दणकट होत्या आणि आज स्वस्तात मिळतात. पण एखाद्या सेन्सरसाठी पंधरा दिवस वाट पाहायची वेळ आली तर रोज ऑफिसला जायचे कसे, हा विचार करूनच त्या घ्याव्यात.

डिझेलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण ‘डिझेलचे ॲव्हरेज’ हे अजूनही अनेकांचे आकर्षण आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. साचलेली काजळी जाळून टाकायला धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीत हे आपोआप होते. रोज आठ-दहा किलोमीटर गर्दीतून जाणाऱ्या गाडीत मात्र फिल्टर तुंबत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी खर्च मोठा येतो. जवळच्या अंतरासाठी डिझेल घेऊ नये. अंतर लांब असेल आणि पंप वाटेवर असेल तर कंपनीतूनच बसवून आलेली सीएनजी गाडी चांगली. बाहेरून किट बसवले असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात तशी नोंद हवी, आणि दर तीन वर्षांनी करायच्या सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचा दाखला हवा. ऑटोमॅटिकमध्ये स्वस्त एएमटी गिअरबॉक्स २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुजला. त्यात आतला क्लच साध्या गाडीचाच असतो, फक्त तो यंत्र दाबते. म्हणून गर्दीत वापरलेली एएमटी घेताना क्लच कधी बदलला हे विचारावे. जुनी इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर बॅटरीची उरलेली क्षमता सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर लेखी घ्यावी आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे पाहावे.

गाडी किती जुनी असावी, याचा निर्णय मी सुरक्षिततेवरून करीन. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व मॉडेलांत २०२१ च्या अखेरपर्यंत आली. पाऊस सुरू झाल्या झाल्या निसरड्या झालेल्या रस्त्यावर एबीएस नसलेली गाडी ब्रेक मारताच कशी सरकते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला पन्नास हजार वाचवण्यासाठी मागे जावेसे वाटणार नाही. वरचे मॉडेल असेल तर या तारखांआधीच्या गाड्यांतही दोन एअरबॅग मिळतात. त्या शोधाव्यात.

ओळखीतल्या एका शिक्षिकेसाठी कोथरूडमध्ये २०१८ ची एक हॅचबॅक बघायला गेलो होतो, तेव्हा बरोबर आलेल्या मेकॅनिकची पाहण्याची पद्धत इथे सांगतो. आम्ही सकाळी सातलाच गेलो. गाडी आधी सुरू करू नका असे मालकांना कळवले होते. त्याने पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. ‘ताई, हात ठेवून बघा. गरम असता तर आपण चहा घेऊन परत गेलो असतो.’ थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते तापल्यावर बोलत नाही. टॅपेटचा आवाज, अशक्त बॅटरी, पहिल्या क्षणी निघणारा धूर हे सगळे थंड असतानाच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. दाट पांढरा, न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जात असण्याची शंका. थंडीत निघणारी थोडी वाफ नैसर्गिक, ती मिनिटभरात विरते.

सुरू करण्याआधी त्याने फक्त इग्निशन ऑन केले आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवले. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलेले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो: अपघातात बॅग उघडली, नवीन बसवायला खर्च फार, म्हणून दिव्याचीच वायर तोडली, असे प्रकार होतात. त्या गाडीत तिन्ही दिवे लागले आणि विझले.

मग त्याने बॉनेट उघडले आणि इंजिनकडे न बघता आधी कडेच्या बोल्टांकडे बघितले. मडगार्ड आणि बॉनेटची बिजागरी ज्या बोल्टांनी बसवलेली असते त्यांवर कारखान्यात गाडीसोबतच रंग चढतो. डाव्या बाजूचे बोल्ट गुळगुळीत होते. उजवीकडच्या तीन बोल्टांच्या कडांचा रंग उडाला होता; तिथे पाना फिरला होता. म्हणजे उजवे मडगार्ड एकदा उतरवले होते. मालकांना विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितले की पार्किंगमध्ये खांबाला घासले होते. मडगार्ड बदलणे ही क्षुल्लक गोष्ट. म्हणून तो आणखी आत गेला. मडगार्डच्या आतला एप्रन, त्यावरच्या स्पॉट वेल्डिंगचे सारख्या अंतरावरचे गोल ठसे, रेडिएटर धरणारी पुढची आडवी पट्टी हे सगळे टॉर्च लावून पाहिले. दारांचे रबरी बीडिंग ओढून पिलरवरचे ठसेही तपासले. कारखान्यातले ठसे एका रांगेत, सारख्या आकाराचे असतात. डेंटिंगवाल्याने जोडलेल्या पत्र्यावर एकतर ते नसतात, किंवा त्यांवर पुट्टी फासलेली असते. एप्रन, चेसिसचा पुढचा सांगाडा किंवा पिलर यांना जोड दिसला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण पुढच्या धडकेत आपल्याला वाचवणारा भाग तोच असतो. या गाडीचे आतले ठसे जसेच्या तसे होते. मग सर्व काचांवरचा शिक्का पाहिला. चारही दारांच्या काचा आणि पुढची-मागची काच एकाच बनावटीची आणि एकाच सालाची निघाली.

शेवटी त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. विकण्याआधी दोषांचे कोड पुसून टाकणारे लोक असतात. पण कोड पुसले की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दिसू लागतात, आणि काही दिवस चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. कोड एकही नाही आणि चाचण्या अपूर्ण, हे जोडीने दिसले तर चार दिवसांनी पुन्हा तपासायला यावे. मेकॅनिकला या सगळ्याची फी द्यावी. मैत्रीत फुकट नेलेला माणूस लवकर आटपतो आणि तेही स्वाभाविक आहे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ही आपल्या राज्यातली स्वतंत्र काळजी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. अशी गाडी धुऊन, वाळवून, दुसऱ्या जिल्ह्यात विकायला जाते. ती महिनोन्‌महिने ठीक चालते आणि मग वायरिंगच्या सॉकेटांमध्ये गंज चढला की एकेक गोष्ट बंद पडू लागते. गॅरेजवाल्यालाही मूळ सापडत नाही. ओळखायची जागा ठरलेली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातकट रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि कार्पेटखालचा कुबट वास लपवणे अवघड असते. गाडी बंद खिडक्यांनी अर्धा तास उन्हात ठेवून मग दार उघडावे. अत्तराचा भपका आला तर तोही एक संशयच. कोकणपट्टीतली आणि गोव्यातली गाडी पुरात गेली नसली तरी खाऱ्या हवेने खालून गंजलेली असते, म्हणून ती जॅकवर किंवा रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चालवून बघताना बहुतेक लोक मोकळा रस्ता निवडतात. आपल्याला गाडी गर्दीत वापरायची आहे, म्हणून तिची परीक्षाही गर्दीतच घ्यावी. सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या रांगेत एसी लावून अर्धा तास चालवा. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का, उभ्या गाडीत एसीचा गारवा कमी होतो का, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडखळते का, हे तिथेच कळते. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली आहे. खराब रस्त्यावर खिडक्या उघड्या ठेवून रेडिओ बंद करा, म्हणजे लिंक रॉड आणि लोअर आर्मचा खडखडाट ऐकू येईल. मालक गाणी लावून बडबडत राहिला तर त्याला नम्रपणे थांबवा.

किमतीची बोलणी करताना दोन आकडे हाताशी ठेवावेत. पहिला विम्याचा: पॉलिसीतल्या आयडीव्हीसाठी, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीसाठी, नव्या गाडीच्या किमतीतून तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. मागणी असलेल्या गाड्यांचा बाजारभाव याहून वर असतो, पण किती वर हे त्यामुळे दिसते. दुसरा आकडा नव्या गाडीचा आजचा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा मात्र स्वतः मोजलेली जुनी रक्कम मनात धरून बसलेला असतो. आजचा ऑनरोड भाव त्याच्यापुढे ठेवला की बोलणे जमिनीवर येते. आणि ठरलेल्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या दोन महिन्यांच्या कामासाठी बाजूला ठेवावी. ही रक्कम नसेल तर गाडी एक पायरी स्वस्त घ्यावी, पण ही तरतूद सोडू नये.

कागदपत्रांत लोक सर्वांत जास्त घाई करतात. परिवहन विभागाच्या पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, विमा-पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे पाहावे. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलाने वेगळी तपासावीत. कर्ज फिटले असे तोंडी सांगून चालत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा आरसीवरून उतरलेला हवा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघावा. गाडी दिल्लीची असेल तर विशेष जपावे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनंतर तिथल्या दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली आणि त्या वयाजवळ पोचलेल्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. भाव आकर्षक असतो, पण तिथल्या आरटीओचे फॉर्म २८ वरचे ना हरकत, इथला वाहनकर, नवा एमएच नंबर हे सगळे धरले की फरक बराच आटतो.

व्यवहार ठरला की नावबदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी व्हाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ‘नंतर करू नावावर’ हे विकणाऱ्यालाच जास्त महागात पडते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच मालक. घेणाऱ्याने विमा कंपनीला १४ दिवसांत अर्ज द्यावा. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅगही बंद करून आपला घ्यावा.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, मालकाने कालच बदलले म्हटले तरी. इंजिनाला चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलल्याचे बिल फाईलमध्ये नसेल, तर तोही याच वेळी बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खे इंजिन खोलावे लागते.